हलते चित्रण आणि त्याचा स्थिर बिंदू



मुरुडच्या व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या माणसापुढे दोन अडचणी असतात. पहिली ही की, अण्णासाहेब कर्व्यांच्या गावात आपण विद्येविषयी काय बोलावे. आणि दुसरी ही की, समोर बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी आपल्याला लहानपणापासून ओळखतात. आमच्या बाबतीत दुसरी अडचण अधिक मोठी. आमची शाळा नववीत सुटली हे येथे पुष्कळांना ठाऊक आहे, आणि ती का सुटली हेही काहींना आठवत असेल. पुढे मुंबईस जाऊन आम्ही पोती वाहिली, मग पोती वाहणाऱ्यांची संघटना बांधण्याच्या कामात पडलो, आणि तीस वर्षे त्यातच आहोत. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही माथाडी कायद्यावर बोलू अशी त्यांची कल्पना होती. आम्ही सांगितले, "हलणारा व्हिडिओ स्थिर कसा करतात यावर बोलतो." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या संघटनेत एवढे स्थैर्य केव्हा आले?"

हा विषय आम्ही हौसेने घेतलेला नाही. तो आमच्या गळ्यात पडला. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुंबईलगतच्या एका गोदामात साखरेच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि आमच्या टोळीतला एक गडी तिच्याखाली सापडला. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला. गोदामवाल्यांचे म्हणणे असे की, थप्पी ओळंब्यात होती, या गड्याने घाईघाईत खालचे पोते ओढले म्हणून ती आली. गड्याचे म्हणणे असे की, थप्पी सकाळपासूनच कललेली होती आणि त्याने तसे सांगितलेही होते. आता खरे कोणाचे मानावे? टोळीतल्या एका पोराने त्या वेळी मोबाइलवर चित्रण केले होते. अपघाताचे म्हणून नव्हे. गावी आईला दाखवायला म्हणून तो चालता चालता गोदामाचा व्हिडिओ घेत होता. तेवढ्यात ओरडा झाला आणि तो धावला. एकूण चाळीस सेकंदांचे चित्रण. त्यात छत दिसते, मग जमीन, मग कोणाचे तरी पाय, मग थप्पी, पुन्हा छत. पाहणाऱ्याला भोवळ यावी. आम्ही ते समोरच्या बाजूस दाखवले, तेव्हा त्यांचा माणूस म्हणाला, "यात थप्पी कललेली आहे की तुमचा मोबाइल, ते आधी ठरवा."

तो माणूस आमचा प्रतिपक्षी होता, परंतु प्रश्न त्याने अगदी नेमका विचारला होता. त्या एका प्रश्नाच्या पाठीमागे आमची दीड वर्षाची शिकवणी झाली. ती आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक लहानसा प्रयोग करू. ज्यांच्या हाती कार्यक्रमपत्रिका आहे त्यांनी ती डोळ्यांसमोर धरावी. पत्रिका स्थिर ठेवा आणि मान भरभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात, नाही का? आता मान स्थिर ठेवून तितक्याच वेगाने पत्रिका हलवा. अक्षरांची नुसती रेघ होते. हलणे दोन्ही वेळी सारखेच, मग असे का? कारण हे की, मान हलली म्हणजे कानाच्या आतली तोल सांभाळणारी इंद्रिये ती वर्दी तत्काळ डोळ्यांच्या स्नायूंना देतात, आणि मान जितकी उजवीकडे जाईल तितका डोळा डावीकडे फिरतो. हिशेब जागच्या जागी चुकता होतो. अण्णासाहेब मुरुडाहून साताऱ्यास परीक्षेसाठी पायी गेले. वाटेतला सह्याद्री त्यांना पावलागणिक उड्या मारताना दिसला नसेल. त्यांच्या हाती मोबाइल असता तर त्यातला सह्याद्री मात्र उडालाच असता. अलीकडच्या महागड्या मोबाइलांत या आतल्या कानासारखे एक यंत्र बसवतात, त्यास गायरोस्कोप म्हणतात. हात हलला की त्याच्या सांगण्यावरून आतले भिंग उलट दिशेला सरकते. आमच्या पोराचा मोबाइल त्या जातीचा नव्हता. हमालाच्या पोराचा नसतोच.

मुळात कॅमेराच हलू न देणे हा जुना मार्ग. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सावेदादा म्हणत, त्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्या प्रसंगाचेही केले. वार्तापट म्हणावा असे भारतीय माणसाने केलेले हे पहिले चित्रण, असे मानतात. रँग्लर आपल्या हर्णैपलीकडच्या, आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे, आणि अण्णासाहेबांच्या नात्यातले. गणितात १८९९ साली केंब्रिजला पहिले आलेले. त्यांचे नाव आम्ही केवळ गावाकडचे म्हणून घेतलेले नाही. त्यांच्या गणिताशी पुढे आमची गाठ पडणार आहे.

त्या काळी कॅमेरा तिपाईवर ठेवीत आणि हाताने दांडा फिरवीत. तिपाई घट्ट असली तरी चित्र हले, कारण हलण्याचे दुसरे मूळ फितीत होते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, तेव्हा कोरी फीत भोके न पाडलेली येई. ती भोके घरी अंधारात बसून पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करीत. प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोके. कॅमेऱ्यातला आकडा त्या भोकांत अडकून फीत पुढे ओढतो. भोक केसभर सरकले तर चित्र केसभर सरकते, आणि पडद्यावर त्या केसाचा दोरखंड होतो. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला, तेव्हा प्रेक्षकांना पडद्यावरचे राजवाडे जाग्यावर उभे दिसले असतील तर त्यात मोठा वाटा सरस्वतीबाईंच्या हातांचा. पडद्यावर त्यांचे नाव किती वेळा आले हा प्रश्न आम्ही आमच्या सवयीने विचारतो आणि पुढे जातो.

कॅमेरा घेऊन चालायचे आणि तरी चित्र हलू द्यायचे नाही, ही करामत अमेरिकेतल्या गॅरेट ब्राऊन या कॅमेरामनने साधली. वजने आणि स्प्रिंगा यांची एक कावड त्याने अंगावर चढवली. स्टेडिकॅम तिचे नाव. तिचा पहिला मोठा उपयोग १९७६ च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' या चित्रपटात झाला. वुडी गथ्री या कामगारांसाठी गाणी रचणाऱ्या गवयाच्या आयुष्यावरचा तो चित्रपट. त्यात कॅमेरा उंचावरून खाली उतरतो आणि मजुरांच्या छावणीतल्या गर्दीतून चालत जातो. आम्ही ते दृश्य पुष्कळदा पाहिले आहे. खांद्यावर ओझे असताना पाण्याने भरलेला पेला न सांडता चालण्याचे जे कसब, ते त्या कॅमेरामनचे. आमच्या टोळीतल्या कोणालाही ते ओळखता येईल.

परंतु हे सर्व चित्रण करण्यापूर्वीचे उपाय. चित्रण होऊन गेले आहे, हात थरथरून गेला आहे, गडी रुग्णालयात आहे, आता काय? येथे संगणकाचे काम सुरू होते. आमच्या एका सभासदाची मुलगी तंत्रनिकेतनात शिकत होती. तिने ब्लेंडर नावाचा फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम उघडून दाखवला आणि म्हणाली, "काका, यात ट्रॅकिंग आहे." ट्रॅकिंग म्हणजे माग काढणे. जनावराचा माग काढतात तसा चित्रातल्या एखाद्या ठिपक्याचा.

चित्रण म्हणजे सलग हालचाल नव्हे; एका सेकंदात तीस स्थिर चित्रे, ही गोष्ट आपणांस माहीत आहे. चाळीस सेकंदांत बाराशे. पहिल्या चित्रात एक चिमुकला चौकोन निवडायचा, समजा २१ ठिपके रुंद आणि २१ उंच. त्या ४४१ ठिपक्यांचा उजेड-अंधार संगणक लक्षात ठेवतो. मग दुसऱ्या चित्रात साधारण त्याच जागेभोवती तो चौकोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवून पाहतो आणि जेथे उजेड-अंधार सर्वांत जास्त जुळेल तेथे म्हणतो, सापडला. असे बाराशे वेळा. हा शोध आंधळेपणाने न करता, उजेड कोणत्या बाजूस वाढतो आहे त्यावरून थेट दिशा काढण्याची रीत ब्रूस लुकस आणि ताकेओ कानाडे या दोघांनी १९८१ साली प्रसिद्ध केली, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तिच्यावर जग काम करते आहे.

कोणता चौकोन निवडावा, यात खरी मेख आहे. आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीची कल्पना करा. गिलावा केलेल्या कोऱ्या भागावरचा चौकोन घेतला तर तो कोठेही जुळतो. माग लागत नाही. दोन चिऱ्यांमधली आडवी दरज घेतली तर वर-खाली किती हलले हे कळते, पण चौकोन दरजेवरून डावी-उजवीकडे खुशाल घसरतो. आडवी आणि उभी दरज जेथे मिळते तो कोपरा घेतला तर मात्र घसरायला वाव नाही. तेव्हा कोपरे शोधावे. ही गोष्ट आम्हाला त्या मुलीने दोन वाक्यांत सांगितली, आणि आम्ही मान डोलावली. मान डोलावली म्हणजे समजले असे नव्हे.

कारण पहिल्या प्रयत्नात आम्हीच बोट दाखवले: "तो बघ, किती स्पष्ट दिसतो आहे!" तो कप्पीच्या साखळीला लोंबणारा लोखंडी आकडा होता. चकचकीत, कोपरेदार, माग काढायला उत्तम. प्रोग्रॅमने त्याचा बिनचूक माग काढला, आकड्याला पडद्याच्या मधोमध खिळवले आणि चित्र चालू केले. आकडा ध्रुवासारखा अढळ, आणि सगळे गोदाम त्याच्याभोवती आकाशपाळण्यासारखे फिरत होते. गडी, थप्पी, खांब, सगळे! पोरे हसून हसून खाली बसली. आम्हाला हसू आले नाही. पुढल्या महिन्यात हे कोणापुढे तरी दाखवायचे होते.

त्या रात्री आम्हाला लहानपणचे हर्णै आठवले. होडीत बसून सुवर्णदुर्गाकडे पाहत जाताना लाटेवर होडी चढली की किल्ला खाली जाई, होडी उतरली की किल्ला वर येई. पोटात ढवळू लागले की आजा सांगे, "होडीकडे बघू नको, किल्ल्याकडे बघ." आता याच प्रसंगाचे चित्रण केले आणि डोलकाठीच्या टोकाचा माग काढून ते स्थिर केले, तर होडी स्थिर होईल आणि शिवकालापासून दर्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग पडद्यावर उड्या मारू लागेल. किल्ल्याच्या बुरुजाचा माग काढला तर किल्ला स्थिर राहील आणि होडी डोलेल. दोन्ही चित्रे यंत्राच्या दृष्टीने सारखीच शुद्ध. यंत्राला किल्ला म्हणजे काय आणि होडी म्हणजे काय हे ठाऊक नाही. कशाला स्थिर धरायचे हे माणसाने सांगावे लागते, आणि ज्याने ते सांगितले त्याच्यावर त्याची जबाबदारी येते.

यावर कोणी म्हणेल की, हल्ली मोबाइलमधले प्रोग्रॅम आपोआप स्थिर करतात, कोणी बोट दाखवीत नाही. खरे आहे. तेथे शेकडो कोपरे एकदम धरतात आणि त्यांचे मत घेतात. फिशलर आणि बोल्स यांनी १९८१ मध्येच मांडलेली ती युक्ती आमच्या सभेच्या कामासारखी आहे. दोन-चार कोपरे चिठ्ठ्या टाकून उचलायचे, त्यांच्यावरून कॅमेरा कसा हलला याचा अंदाज बांधायचा, आणि मग बाकीच्या सगळ्यांना विचारायचे, तुम्हाला हे मान्य आहे काय? पुन्हा दुसरे दोन-चार उचलायचे. ज्या अंदाजाला सर्वांत जास्त हात वर होतील तो ठराव पास. विरोधात गेलेल्यांना, म्हणजे चालणारी माणसे, लोंबणारे आकडे यांना, हिशेबातून वगळायचे. उत्तम पद्धत. परंतु सभेला कोणती मंडळी जमली आहेत त्यावर ठराव अवलंबून असतो, हे आमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल! चित्राचा बहुतेक भाग होडीच्या फळ्यांनी व्यापलेला असेल तर बहुमत होडीचे होते, आणि सुवर्णदुर्ग अल्पमतात जातो.

तेव्हा आम्ही बहुमताच्या नादी न लागता गोदामाचा लोखंडी खांब धरला. तो थप्पीला लागूनच होता. ही जवळीक महत्त्वाची, कारण कॅमेरा चालत असला की जवळची वस्तू जास्त सरकते आणि दूरची कमी, एस. टी.च्या खिडकीतून झाडे पळतात आणि डोंगर रेंगाळतो तशी. दूरची भिंत धरून जवळच्या थप्पीचा न्याय करता येत नाही. खांबावर वर एक आणि खाली एक अशा दोन बोल्टांच्या डोक्यांचा माग काढला. दोन का? तसबीर एका खिळ्यावर टांगली तर जागा सोडत नाही, पण तिरकी होते. दोन खिळ्यांवर टांगली की तिरकीही होत नाही. एक बिंदू चित्राचे सरकणे घालवतो. दोन बिंदू त्याचे गरगरणेही घालवतात.

चाळीस सेकंदांतले सातच सेकंद असे निघाले की ज्यात दोन्ही बोल्ट दिसत होते. पण त्या सात सेकंदांत, दोनशे दहा चित्रांत, खांब प्रथमच उभा राहिला. आणि मग सगळ्यांनी पाहिले: थप्पी खांबापासून खाली चार बोटे अंतरावर होती आणि वरच्या थरापाशी हातभर. कोसळण्याच्या आधीपासून.

खोलीत कोणी बोलले नाही. त्या गड्याची बायको तेथे होती. ती एवढेच म्हणाली, "मंजे ते खरंच सांगत होते."

आता जो भाग सांगायचा आहे तो सांगताना आम्हाला बरे वाटत नाही, पण तो गाळून हे व्याख्यान करता येणार नाही.

चित्र स्थिर करायचे म्हणजे काय करायचे? हात उजवीकडे हलला असेल तितके चित्रही उजवीकडे सरकवायचे. प्रत्येक चित्र असे सरकवले की कडांना काळ्या पट्ट्या दिसू लागतात, कधी या बाजूस, कधी त्या. त्या ओंगळ दिसतात, म्हणून चित्र थोडे मोठे करतात आणि पट्ट्या चौकटीबाहेर ढकलतात. पट्ट्यांबरोबर कडांचे चित्रही बाहेर जाते. किती जाते याचा हिशेब पाहा. चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० उंच आहे. थरथर दोन्ही बाजूंस ९६ ठिपक्यांची आणि वर-खाली ५४ ठिपक्यांची असेल तर रुंदी १७२८ उरते आणि उंची ९७२. म्हणजे दर बाजूला वीसावा हिस्साच कापला, पण क्षेत्रफळ पाहिले तर शंभरातले ८१ उरले, १९ गेले. जमिनीच्या मोजणीत कोणी बांध एवढा सरकवला तर आपण तालुक्याला जाऊ. चित्राच्या बाबतीत मात्र "किती छान स्थिर झाले!" म्हणतो.

आमच्या त्या स्थिर केलेल्या सात सेकंदांत उजवी कड गेली. आम्ही ती नवी प्रत पन्नास वेळा पाहिली. मूळ प्रत पुन्हा कोणी उघडली नाही. ती पाहून डोके दुखत असे. दोन महिन्यांनी गडी कुबड्यांवर कार्यालयात आला, त्याला आम्ही अभिमानाने ते चित्र दाखवले. त्याने पाहिले आणि विचारले, "आन तो कुटं गेला?" कोण तो? "ज्यानं हात वर करून मला हाळी दिली तो. तो हिकडं उजव्या अंगाला हुता की." आम्ही मूळ चित्रण काढले. उजव्या कडेला, एक सेकंदही पूर्ण नसेल, एक माणूस हात वर करून थप्पीकडे बोट दाखवताना दिसतो. दुसऱ्या टोळीतला, त्या दिवसापुरता बदलीवर आलेला. थप्पी कललेली होती हे चित्रातून सिद्ध करण्यासाठी आम्ही जी कात्री चालवली, तिनेच ते तोंडाने सांगणारा साक्षीदार कापला होता.

त्या माणसाला शोधायला आम्हाला पाच आठवडे लागले. सापडला, ही त्याची आणि आमच्या गड्याची पुण्याई.

सुनावणीत समोरच्या वकिलांचा पहिला आक्षेप असा आला की, यांनी संगणकावर चित्र फिरवले आहे, तेव्हा थप्पी यांनीच तिरकी केली. येथे रँग्लर परांजप्यांचे गणित कामास आले. कागदावर त्रिकोण काढा. कागद सरकवा, फिरवा, वाटल्यास सगळीकडून सारखाच मोठा करा. त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत. आम्ही प्रत्येक चित्रावर सरकवणे, फिरवणे आणि शेवटी सारखेच मोठे करणे यापलीकडे काही केले नव्हते. खांब आणि थप्पी यांच्यामधला कोन मूळ चित्रात जितका, तितकाच नव्या चित्रात. हे कोणीही कोनमापक लावून पाहावे. याउलट, चार कोपरे चार दिशांना ओढून चित्र ताणण्याचीही एक रीत असते. तिने पुष्कळदा अधिक देखणे स्थैर्य येते, पण तीत कोन बदलतात. ती वापरण्याचा मोह आम्हाला झाला होता. त्या मुलीने अडवले, आणि आम्ही त्याबद्दल तिचे आजन्म ऋणी आहोत. वकिलांनी कोनाचा मुद्दा सोडून दिला.

दुसरा प्रश्न सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः विचारला. "मूळ कोठे आहे?" आम्ही म्हटले, ही काय, मूळ प्रत. ते म्हणाले, "ही व्हॉट्सॲपवरून आलेली आहे. ज्या मोबाइलवर चित्रण झाले तो मोबाइल कोठे आहे?" पोराने तो सहा महिन्यांपूर्वी विकला होता. नवा घ्यायला पैसे कमी पडत होते. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्रण वाटेत दाबले जाते, त्यातला बारकावा जातो, ही गोष्टही तेव्हा आम्हाला नीटशी माहीत नव्हती. अधिकाऱ्यांनी चित्रण बाजूला ठेवले. फेकले नाही, बाजूला ठेवले. प्रकरण निभावले ते त्या हाळी देणाऱ्याच्या साक्षीवर. मागितल्याच्या निम्म्याहून थोडी अधिक भरपाई मिळाली.

कायद्याचा हा भाग प्रत्येकाने जाणून घेण्यासारखा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यास उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की काय, असा वाद झाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेऱ्याचे चित्रण पुढे आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशणराव गोरंट्याल या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्रच हजर केले तर निराळ्या दाखल्याची गरज नाही; पण नक्कल दिली तर कायद्यातला दाखला जोडलाच पाहिजे. १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ प्रमाणे द्यायच्या दाखल्यात आता हॅश नावाचा एक आकडा लिहावा लागतो. तो म्हणजे त्या फाइलीचा अंगठा. एक ठिपका बदलला तरी अंगठा निराळा उमटतो. आपण चित्रण स्थिर केले की नव्या फाइलीचा अंगठा नवा, हे उघडच आहे. म्हणून स्थिर केलेली प्रत ही समजावून सांगण्यासाठी. साक्ष देणार ती मूळच. दोन्ही ठेवाव्या आणि मधे काय काय केले ते कागदावर लिहून ठेवावे. आमच्या संघटनेत आता यासाठी एक वही आहे.

दोन मर्यादा थोडक्यात सांगतो. चित्र स्थिर झाले तरी पुसटपणा जात नाही. हात जोराने हलल्यामुळे जे चित्र फरकटले ते फरकटलेलेच राहते. गड्याने खालचे पोते ओढले की नाही, हे आमच्या चित्रणात कधीच कळले नाही, आणि कळले असा दावाही आम्ही केला नाही. दुसरी गोष्ट, मोबाइल एक चित्र एकाच क्षणी घेत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचत येतो. तेवढ्यात हात हलला तर सरळ खांब खरवसाच्या वडीसारखा लिबलिबतो. आम्ही निवडलेल्या सात सेकंदांत हात त्या मानाने शांत होता, एवढे आमचे दैव.

मुरुडकरांना हे सांगण्याचे कारण आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाचे चित्रण या सभेतल्या कितीतरी जणांच्या मोबाइलमध्ये असेल. आम्ही त्यांतले काही पाहिले. माडा-पोफळींची बाग जवळजवळ सगळे चित्र व्यापते, आणि बागेतले प्रत्येक पान हलते आहे. आपोआप स्थिर करणाऱ्या प्रोग्रॅमला तेथे बहुमत कोणाचे मिळणार? माडांचे. तो माडांना स्थिर करू जातो, आणि घराची भिंत झोके घेऊ लागते. एका चित्रणात तर त्याने सगळेच इतके गुळगुळीत केले होते की, वादळ पाहतो आहोत की सायंकाळचा वारा, कळेना. ज्याची दोनशे पोफळी त्या दिवशी गेली त्याला ते दाखवून पाहा. असे चित्रण पुन्हा करण्याची वेळ येऊ नये. पण आलीच तर पाठ भिंतीला टेकवा, कोपरे बरगड्यांशी घट्ट ठेवा आणि चौकटीत न हलणारे काहीतरी असू द्या, घराचा कोपरा, विहिरीचा काठ, देवळाचा खांब. पंचनाम्याला येणारा माणूस माड किती कलला हे कशावरून ठरवणार? आणि नवा मोबाइल घेण्यापूर्वी जुन्यातले चित्रण जसेच्या तसे दुसरीकडे उतरवून घ्या.

आता पडद्यावर तीन चित्रे दाखवतो. गड्याची आणि त्या पोराची परवानगी घेतलेली आहे. पहिले मूळ चित्रण, ते हलते आहे, ज्यांना चक्कर येते त्यांनी डोळे मिटावे. दुसरे आकड्याचे, त्यावर हसायला हरकत नाही, आता आम्हीही हसतो. तिसरे खांबाचे. त्यात काळ्या पट्ट्या दिसतील, त्या आम्ही मुद्दाम ठेवल्या आहेत. उजव्या कडेकडे पाहा, तो हात वर केलेला माणूस तेथे येईल.

दिवे घालवावेत.